अपघातानंतरची कर्तव्ये : उपचार, नोंद आणि भरपाई

शहापूर व मुरबाड हे भातशेतीचे डोंगराळ तालुके होत. शहापुरातून मुंबई–नाशिक महामार्ग आणि मुरबाडमधून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता जातो. त्यामुळे वाहनांच्या अपघाताबरोबरच आवणीच्या दिवसांत सर्पदंशाचे व विजेचे भयही शेतकऱ्यास असते. अशा प्रसंगी घरातील कर्ता माणूस गमावला आणि योग्य नोंद झाली नाही, तर कुटुंब हक्काच्या मदतीसही मुकते.

उपचार : प्रथम 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, ती चोखू नये, घट्ट आवळपट्टीही बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रोग्यास चालू न देता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. मांत्रिकाकडे घालविलेला वेळ प्राणावर बेततो. जखमीस मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. म्हणून साक्षीच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

नोंद : पोलिसांस ताबडतोब खबर द्यावी. खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. मृत्यू घडल्यास शवविच्छेदनाविना अंत्यविधी उरकू नये. कारण मृत्यूचे कारण सिद्ध करणारा तोच मुख्य पुरावा असतो. पंचनामा, औषधांच्या पावत्या व रुग्णालयाचे कागद एकत्र जपून ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कधीही देऊ नये.

भरपाई : गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना एप्रिल 2023 पासून विमा कंपनीविना शासनच राबविते. 10 ते 75 वर्षे वयाचा खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांस तिचा लाभ आहे. मृत्यू झाल्यास, अथवा दोन्ही डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख रुपये. एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. सात-बारा, वयाचा दाखला, पोलीस व वैद्यकीय कागद आणि मृत्यूच्या प्रसंगी वारसाची नोंद यांसह अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

वाहनाच्या अपघातात वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा. भरपाईचा दावा ठाणे येथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. 2022 पासून अमलात आलेल्या तरतुदीत त्यास सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळावी. वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तरीही 2022 च्या योजनेनुसार मृत्यूसाठी 2 लाख व गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळू शकतात. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या दोन तालुक्यांतील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी बांधवांस ही गोष्ट कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावी. दुःखात बुडालेल्या घरास मुदतीचे भान राहत नाही. ते भान ठेवणे हे गावच्या कार्यकर्त्याचे काम आहे.