मोटारीचे काटे : यांत्रिक बरे कीं विजेचे?



मोटार हांकणाऱ्या मनुष्याला चालत्या एंजिनाच्या पोटांत डोकावून पाहतां येत नाहीं. तेलाचा दाब किती आहे, पाणी किती तापलें आहे, टाकींत पेट्रोल किती उरलें आहे, बॅटरीला वीज मिळते आहे कीं नाहीं, हें सारें त्याला समोरच्या फळीवरील लहान लहान तबकड्यांवरून समजून घ्यावें लागतें. ह्या फळीला आपण डॅशबोर्ड म्हणतों. जुनी जीप किंवा मोटार हौसेनें दुरुस्त करणारे, अथवा आपल्या गाडीवर जादा मापकें बसवूं इच्छिणारे गृहस्थ दुकानांत गेले, म्हणजे त्यांच्यापुढें दोन प्रकारचा माल येतो. एक यांत्रिक, दुसरा विजेचा. तबकड्या समोरून दिसण्यांत सारख्याच. भेद असतो तो पाठीमागें. यांतील कोणतें मापक घ्यावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. मापक कोणतेंही असो, तें केव्हां तरी बिघडणारच. बिघडल्यावर त्याचा काटा कोणत्या बाजूस जातो, आणि त्या चुकीची किंमत काय पडते, याचा विचार ज्यानें आधीं केला त्यालाच योग्य निवड करतां येईल. त्यासाठीं दोन्ही प्रकारांची रचना थोडी समजून घेऊं.

प्रथम यांत्रिक मापक. यूजीन बूर्दों नांवाच्या एका फ्रेंच घड्याळजीनें व यंत्रज्ञानें १८४९ सालीं दाब मोजण्याच्या एका युक्तीचें पेटंट घेतलें. जत्रेंत मुलांसाठीं गुंडाळलेली कागदी पुंगी मिळते. फुंकर घातली कीं ती उलगडते आणि फुंकर थांबली कीं पुन्हा गुंडाळली जाते. बूर्दोंची नळी याच जातीची, मात्र धातूची. चपटी करून कमानीसारखी वाकविलेली ही नळी एका टोकाला बंद असते. दुसऱ्या टोकानें दाब आंत आला कीं ती किंचित् सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोकाची ही बारीकशी हालचाल दांत्यांच्या योगानें काट्याला मिळते. तेलाच्या यांत्रिक मापकांत एंजिनांतील तेल एका बारीक नळींतून प्रत्यक्ष तबकडीच्या पाठीमागें येतें. वीज नाहीं, तार नाहीं. तेलाचा दाब स्वतःच काटा ढकलतो.

पाण्याच्या उष्णतेचें यांत्रिक मापक हेंही वस्तुतः दाबमापकच होय. एंजिनाच्या पाण्यांत बुडविलेल्या एका लहान कुपींत सहज वाफ होणारा द्रव भरलेला असतो. पाणी तापतें तसा त्या वाफेचा दाब वाढतो, आणि केसासारख्या बारीक छिद्राच्या तांब्याच्या नळींतून तो बूर्दोंच्या नळीपर्यंत पोहोंचतो. अशा वाफेचा दाब तापमानाबरोबर सारख्या प्रमाणांत न वाढतां पुढें पुढें झपाट्यानें वाढतो. म्हणून या तबकडीवर खालचे आंकडे दाटीवाटीनें आणि वरचे ऐसपैस असतात. जेथें बारकाईनें पाहावयाचें तेथेंच जागा मोकळी मिळावी, ही सोय अनायासेंच झाली आहे.

वेगमापकाची गोष्ट थोडी निराळी आहे. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यानें १९०२ सालीं ज्या वेगमापकाचें पेटंट घेतलें, त्यांत गिअरबॉक्सपासून येणारी लवचिक दोरी एक लोहचुंबक फिरविते. त्या चुंबकाला न शिवतां शेजारीं बसविलेली धातूची वाटी, तिच्यांत उत्पन्न होणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळें, त्याच्या मागोमाग ओढली जाते आणि एक बारीक स्प्रिंग तिला आवरते. दोरी कोरडी पडली कीं काटा थरथरूं लागतो, हें जुन्या गाड्या वापरणाऱ्यांना ठाऊक असेलच.

आतां विजेचें मापक. याचे अवयव तीन. एंजिनावर किंवा टाकींत बसविलेला सेंडर, तेथून निघणारी तार, आणि तबकडी. सेंडर म्हणजे निरोप पाठविणारा. दाब, उष्णता किंवा पेट्रोलची पातळी बदलली कीं त्याचा विद्युत्‌रोध बदलतो, त्यामुळें तारेंतील प्रवाह बदलतो, आणि त्या प्रवाहावर काटा हलतो. कांहीं तबकड्यांत दोन धातूंची जोडपट्टी प्रवाहाच्या उष्णतेनें वांकते आणि काटा सरकविते. कांहींत दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढींतून काट्याची जागा ठरते. वैद्यानें स्वतः नाडी पाहणें आणि रोग्याच्या घरून आलेल्या मनुष्याकडून प्रकृति ऐकणें यांत जें अंतर आहे, तेंच या दोन मापकांत आहे. निरोप्या प्रामाणिक असेल तर काम उत्तम चालतें. पण मध्यें निरोप्या आहे, ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

मग सगळींच मापकें यांत्रिक कां करूं नयेत? याचें उत्तर पेट्रोलच्या मापकानें फार पूर्वींच दिलें आहे. फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळांतील मॉडेल टी गाडीला पेट्रोलचें मापकच नव्हतें. बैठकीखालच्या टाकींत काठी घालून पाहावें लागे. पुढच्या मॉडेल ए मध्यें टाकी डॅशबोर्डाच्याच पाठीमागें आली, आणि टाकींतील तरंगत्या बोळ्याचें मापक फळींतून सरळ दिसूं लागलें. याहून साधें मापक कोणतें असणार? परंतु त्याचें बूच झिजलें कीं पेट्रोल बैठकीच्या बाजूस झिरपे. पुढें टाकी मागें गेली, आणि पेट्रोलची वार्ता विजेच्या तारेनें आणण्याची रीत सार्वत्रिक झाली. पेट्रोल भरलेली नळी माणसें बसतात त्या जागेंत कधींही आणूं नये, हा नियम तेव्हांपासून अपवादाविना पाळण्यासारखा आहे.

दुसऱ्या महायुद्धांत १९४१ ते १९४५ पर्यंत बनलेल्या विलीज जीपची फळी या दृष्टीनें अभ्यासण्याजोगी आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीपची जुळणी सुरू केल्यामुळें हें घराणें आपल्याकडे चांगलेंच परिचयाचें झालें. त्या युद्धकालीन जीपच्या फळीवर पांच तबकड्या होत्या. तेलाच्या दाबाची यांत्रिक, पाण्याच्या उष्णतेची यांत्रिक, वेगाची दोरीवर चालणारी, पेट्रोलची विजेची, आणि बॅटरीच्या प्रवाहाची अर्थातच विजेची. म्हणजे त्या गाडीच्या रचनाकारांनीं एका पद्धतीचा अभिमान न धरतां प्रत्येक तबकडीचा प्रश्न स्वतंत्रपणें सोडविला. आपणही तेंच करावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे बिघाडाकडे वळूं. तेलाच्या यांत्रिक मापकाची नळी फुटली तर काटा शून्यावर येतो. ही वार्ता खरीच असते, कारण तेल खरोखरच बाहेर पडत असतें, आणि तें तापलेलें तेल चालकाच्या पायांवर येऊं शकतें. या मापकाचा दोष असा उघड आणि घाणेरडा आहे. पण तो फसवा नाहीं. उष्णतेच्या यांत्रिक मापकाची नळी मोडली तर आंतील वाफ निघून जाते आणि काटा कायमचा थंडाकडे पडून राहतो. हा दोष मात्र फसवा आहे. शिवाय ही नळी कापतां येत नाहीं कीं जोडतां येत नाहीं, मोडली कीं सबंध मापकच बदलावें लागतें.

विजेच्या मापकांत हा विचार अधिक काळजीपूर्वक करावा लागतो. एका प्रचलित अमेरिकी पद्धतींत टाकी रिकामी असतां सेंडरचा रोध २४० ओहम आणि भरलेली असतां ३३ ओहम असतो. एका प्रचलित युरोपीय पद्धतींत रिकाम्या टाकीला सुमारें १० आणि भरलेल्या टाकीला सुमारें १८० ओहम. म्हणजे एकींत रोध कमी झाला कीं काटा वर चढतो, तर दुसरींत रोध वाढला कीं. एका पद्धतीची तबकडी आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर जोडला, तर रिकामी टाकी भरलेली दिसूं लागेल! यांतून आणखीही एक गोष्ट निघते. तार तुटणें म्हणजे रोध अमर्याद होणें. पहिल्या पद्धतींत तुटलेल्या तारेनें काटा शून्याकडे जातो आणि मनुष्य सावध होतो. दुसऱ्या पद्धतींत तोच काटा पूर्णाकडे जाऊं शकतो. पेट्रोलच्या बाबतींत याचा दंड फार तर रस्त्यांत अडकून बसणें हा होय. तेलाच्या दाबाच्या बाबतींत मात्र काटा भरपूर दाब दाखवीत असतां एंजिनाचे बेअरिंग जळून जाईल. म्हणून तबकडी आणि सेंडर नेहमीं एकाच जोडींतले घ्यावे.

आणखी एक बिघाड असा आहे कीं तो दोन्ही प्रकारांना सारखाच लागू पडतो, आणि घाटांतून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें तो ध्यानांत ठेवावा. कुपी असो वा सेंडर, तो पाण्यांत बुडालेला असेल तोंपर्यंतच पाण्याची उष्णता सांगतो. नळी फाटून पाणी वाहून गेलें, तर तो उघडा पडतो, आणि एंजिन जळत असतांही काटा खालीं येऊं शकतो. खंबाटकीच्या चढावर वर चढलेला काटा एकाएकीं उतरला, तर सुटकेचा निःश्वास न टाकतां गाडी ताबडतोब कडेला घेऊन थांबवावी, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण मुळींच उघडूं नये.

या विवेचनावरून निवडीचे नियम सहज निघतात. तेलाच्या दाबासाठीं, एंजिन पुढें असून नळी नीट नेतां येत असेल, तर यांत्रिक मापक घ्यावें. त्याचा काटा क्षणोक्षणीं दाबाबरोबर हलतो, आणि जुन्या एंजिनाची परीक्षा त्यावरून चांगली होते. वांकणाऱ्या पट्टीचा विजेचा काटा सावकाश हलतो. हा सावकाशपणा पेट्रोलला गुणच ठरतो, कारण टाकींतील हिंदकळणें काट्यावर उमटत नाहीं. तेलाला मात्र तो दोष आहे. शिवाय मापक असलें तरी तेलाचा लाल दिवा काढून टाकूं नये. तो पुष्कळ गाड्यांत दाब पांच-सात पौंडांवर उतरल्यावरच लागतो, म्हणजे भरधाव गाडीला त्याची सूचना उशिराच मिळते हें खरें. पण नजर रस्त्यावर असतां लक्ष वेधून घेण्याचें काम काट्यापेक्षां दिवाच अधिक चांगलें करतो.

पाण्यासाठीं, कुपी आंत नेण्याइतकें छिद्र पाडतां येत असेल आणि नळीची लांबी पुरत असेल, तर यांत्रिक मापक घ्यावें. एंजिन मागें असलेल्या गाडीला किंवा बसला विजेचेंच बरें. तबकडी मात्र अंशांचे आंकडे असलेली घ्यावी, नुसतीं थंड आणि गरम अशीं अक्षरें असलेली नको. साधें पाणी समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळतें. १५ पौंड दाबाच्या झांकणाखालीं तें १२० अंशांच्या आसपास उकळतें. झांकण नादुरुस्त असल्यास १०५ हा आंकडाच धोक्याचा ठरतो, आणि हें आंकडा दिसल्यावांचून कळणार नाहीं. पेट्रोलसाठीं विजेचें मापक, यांत वादच नाहीं. बॅटरीसाठीं जुन्या ॲमीटरऐवजीं व्होल्टमीटर घ्यावें. ॲमीटरमध्यें गाडीचा मोठा प्रवाह जाड तारांनीं फळीपर्यंत आणावा लागतो, आणि तेथील एखादा जोड सैल झाला तर आगीची भीति असते. व्होल्टमीटरला बारीक तार पुरते. बारा व्होल्टच्या गाडींत एंजिन बंद असतां सुमारें साडेबारा आणि चालू असतां चौदाच्या आसपास आंकडा दिसला, म्हणजे कारभार ठीक आहे असें समजावें.

बसवितांना थोडी दक्षता हवी. तेलाची नळी तांब्याची असेल तर तिला दोन वेढे द्यावे, म्हणजे एंजिनाची थरथर त्यांत जिरेल. ताणून बसविलेलें तांबें थरथरीनें कठीण होऊन तडकतें. पत्र्यांतून नळी किंवा तार जाते तेथें रबराचें कडें अवश्य घालावें. विजेच्या सेंडरच्या आट्यांवर जाड फीत गुंडाळूं नये; पुष्कळ सेंडरांची परतीची वाट त्याच आट्यांतून एंजिनाच्या धातूंत जाते, आणि फितीनें ती अडते. कांहीं गाड्यांत पेट्रोल आणि उष्णता यांच्या तबकड्यांना एकच व्होल्टनियामक असतो. दोन्ही काटे एकदमच वर चढले, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडल्या असें न मानतां नियामकावर संशय घ्यावा.

आजच्या नव्या गाड्यांत हा निवडीचा प्रश्नच बहुधा उरलेला नाहीं. सेंडरचा निरोप आधीं संगणकाकडे जातो आणि मग पडद्यावर किंवा काट्यावर येतो. अशा अनेक गाड्यांत उष्णता बऱ्याच अंशांनीं वरखालीं झाली तरी ग्राहक घाबरूं नये म्हणून काटा मध्यावरच ठेवलेला असतो. तो काटा हलला, म्हणजे प्रकरण बरेंच पुढें गेलें आहे असें समजावें.

ज्यांच्या गाडींत साधीं विजेचीं मापकें आहेत, त्यांनीं एक लहानसा प्रयोग जाणत्या मिस्त्रीच्या देखत करून पाहावा. संगणक असलेल्या गाडीला तो लागू नाहीं. एंजिन बंद ठेवून किल्ली चालू करावी, तेलाच्या दाबाच्या आणि उष्णतेच्या सेंडरची तार पाळीपाळीनें काढावी, आणि काटा कोठें जातो तें पाहावें. मग तार क्षणभर एंजिनाच्या धातूला टेकवून पुन्हा पाहावें. पेट्रोलच्या टाकीपाशीं मात्र ठिणगीची भीति असल्यामुळें हा प्रयोग करूं नये. मिळालेल्या जागा कागदावर लिहून तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढें कधीं काटा भलत्याच ठिकाणीं जाऊन बसला, तर एंजिन आजारी आहे कीं निरोप्या, याचा निर्णय रस्त्याच्या कडेला पांच मिनिटांत करतां येईल.