अंधारातील वाटाड्या

रायपूर शहराच्या रेल्वे स्थानकामागे गुढियारी ही गजबजलेली वस्ती आहे. तेथील एखाद्या शाळेची सहल दक्षिणेकडे निघाली, तर सुमारे 300 किलोमीटरांवर बस्तरचे मुख्य ठिकाण जगदलपूर लागते. त्याच्याही पुढे साल आणि साग यांच्या वनांनी वेढलेले कांगेर खोरे पसरलेले आहे. सुमारे 200 चौरस किलोमीटरांचे हे अरण्य 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्याच्या पोटात चुनखडकाच्या अनेक गुहा आहेत. त्यांपैकी कोटमसरची गुहा सर्वांत प्रसिद्ध होय.

1950 नंतरच्या दशकात भूगोलाचे प्राध्यापक डॉ. शंकर तिवारी यांनी स्थानिक आदिवासींच्या साहाय्याने या गुहेचा अभ्यास केला. म्हणजे विद्वानालाही येथे प्रथम वाटाड्याचा हात धरावा लागला. आजही मार्गदर्शकावाचून कोणालाही आत जाता येत नाही आणि पावसाळ्यात पाणी भरत असल्यामुळे गुहा बंद ठेवली जाते. अरुंद तोंडातून पायऱ्या उतरल्यावर दिवसाचा प्रकाश संपतो. येथून पुढे प्रवाशाला काय दिसेल, हे बहुतांशी मार्गदर्शकाच्या दिव्यावर आणि त्याच्या शब्दांवर अवलंबून असते.

छतापासून लोंबणारे आणि जमिनीवरून वर आलेले स्तंभ पाहून नवख्या माणसाला हत्ती, झुंबरे, जटा असे आकार भासतात. आतील एका स्तंभाला भाविक शिवलिंग मानतात. मार्गदर्शक एवढेच सांगून थांबला, तर मनोरंजन होते; पण गुहा समजत नाही. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित आम्ल बनते व चुनखडक विरघळवते. तेच पाणी छतातून थेंबाथेंबाने ठिबकू लागले, की त्यातील वायू निसटतो आणि चुन्याचा सूक्ष्म थर मागे राहतो. असे थर साचून हे स्तंभ घडतात व त्यांस सहस्रावधी वर्षे लागतात. भिजलेल्या स्तंभावर बोट टेकले, तर कातडीवरील तेलकट अंश तेथे राहतो आणि नवा थर नीट बसत नाही. हे ज्याला उमगले, त्याला ‘हात लावू नये’ असे निराळे सांगावे लागत नाही. फलक आज्ञा करतो. चांगला मार्गदर्शक कारण दाखवतो.

गुहेतील माशाची गोष्टही अशीच आहे. त्याला ‘आंधळा मासा’ म्हणून ओळखतात. नेमके सांगावयाचे तर, याच जातीचे मासे बाहेरच्या ओढ्यांत धडधाकट डोळ्यांनी वावरतात. गुहेतील माशांचे डोळे मात्र कमी-अधिक प्रमाणात खुरटलेले व अंग फिकट असते. निरंतर अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जीवांत कसा पालट होतो, याचे हे जिवंत उदाहरण होय. पण तो दाखवावयाचा म्हणजे डबक्यावर प्रकाश टाकावयाचा, आणि प्रत्येक टोळीने तसे केले तर ज्या अंधाराने हा जीव घडविला तो अंधारच उरणार नाही. जे दाखवावयाचे तेच दाखविण्याने बिघडते, हा येथील खरा पेच आहे.

हा धोका काल्पनिक नाही. फ्रान्समधील लास्को येथील चित्रगुहा 1948 मध्ये लोकांसाठी खुली झाली. हजारो वर्षे टिकलेल्या तेथील चित्रांना प्रेक्षकांच्या श्वासाने व दिव्यांच्या प्रकाशात वाढलेल्या शेवाळाने इतका उपद्रव झाला, की 1963 मध्ये ती बंद करावी लागली.

अमेरिकेतील योसेमिटी उद्यानात 1920 मध्ये निसर्गमार्गदर्शकांची विनामूल्य सेवा सुरू झाली. तेथील उद्यानांचा अभ्यास करून फ्रीमन टिल्डन यांनी 1957 मध्ये या विद्येवर ग्रंथ लिहिला. केवळ माहिती पुरविणे हे मार्गदर्शनाचे ध्येय नसून जिज्ञासा चेतविणे हे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नकाशे, पुस्तिका, फलक व माहितीकेंद्र यांचे स्थान म्हणूनच गुहेच्या बाहेर आहे. आत जाण्यापूर्वी स्तंभांची रचना आणि माशाचे चित्र तेथे निवांतपणे पाहता येते. आत गेल्यावर मात्र सजीव वाणीच कामी येते. कारण समोरच्या मुलाच्या चेहऱ्यावरील प्रश्न फलकाला वाचता येत नाही.

कुशल मार्गदर्शक अशा वेळी अंधाराचेच साधन करू शकतो. सर्वांना स्तब्ध उभे करून तो क्षणभर दिवा मालवतो. डोळे उघडे असूनही काही दिसत नाही. केवळ थेंबांचा आवाज ऐकू येतो. माशाचे डोळे का खुरटले, हे त्या क्षणी विद्यार्थ्याला व्याख्यानावाचून पटते आणि डबक्यावर प्रकाश टाकण्याचा आग्रहही मावळतो.

2025 मध्ये कांगेर खोऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत आले. कीर्तीबरोबर पावले वाढतात. ती पावले गुहेला जड होऊ नयेत, ही जबाबदारी वनखात्याइतकीच दिवा धरणाऱ्या त्या वाटाड्याची आहे. गुढियारीला परतलेल्या मुलाने किती पाहिले, यापेक्षा त्याने समजून उमजून कशाला हात लावला नाही, यावरून त्या वाटाड्याच्या कामाची किंमत ठरावी.