स्वस्त पिस्तूल की नावाजलेल्या कंपनीचे? भरवसा कशाचा धरावा

'महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार' ही म्हण आपल्या बाजारात रोज कुणीतरी कुणाला ऐकवत असतो. आमची उभी हयात कापडाच्या तिजारतीत गेली आणि आम्हीही ती गिऱ्हाइकांना पुष्कळदा ऐकवली. पण खरे सांगायचे तर ती अर्धीच खरी आहे. महाग माल घेऊन पुन्हा पुन्हा पस्तावलेले लोक आम्ही पाहिले आहेत, आणि स्वस्त माल घेऊन निश्चिंत झालेलेही पाहिले आहेत. किमतीवरून मालाची पारख होत नाही. विकणाऱ्याने पैसे कुठे वाचवले, हे पाहिल्यावर होते.

ही गोष्ट आम्हाला नव्याने समजली ती कापडावरून नव्हे, तर पिस्तुलावरून. आमचा एक भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात पेट्रोल पंपाला लागून असलेले किराणा दुकान चालवतो. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते, गल्ल्यात रोकड असते. त्या मुलखात पिस्तूल दुकानातून विकत मिळते. एके दिवशी त्याचा फोन आला. "मामू, काउंटरखाली ठेवायला पिस्तूल घ्यावे म्हणतो. दोनशे डॉलरचे आहे आणि सहाशेचेही आहे. विकणारा म्हणतो दोन्ही चालतात. तुम्ही माल पारखणारे, तुम्हीच सांगा." आम्ही म्हणालो, "बेटा, आम्ही पॉपलीन पारखतो, पिस्तूल नाही." पण भाच्याच्या घरात दोन लहान मुले आहेत. प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून जे वाचले, समजून घेतले, ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

भरवसा दोन प्रकारचा

पिस्तुलाच्या बाबतीत 'भरवसा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला, चाप ओढला की गोळी सुटली पाहिजे. दुसरा, चाप ओढला नाही तर ती कदापि सुटता कामा नये. बाजारात चर्चा होते ती पहिल्या भरवशाची. माणसाचा जीव मात्र अधिक करून दुसऱ्यावर अवलंबून असतो, कारण दुकानात ठेवलेले बहुतेक पिस्तूल आयुष्यात एकदाही कुणावर चालवले जात नाही. ते रोज उचलले जाते, ठेवले जाते, कधी हातातून पडते आणि कधी मुलांच्या हाती लागते.

आता त्याचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. गोळी सुटली की वरचा सरकता भाग, ज्याला स्लाईड म्हणतात, मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत बसवतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी होते. महाग पिस्तुलांत बहुधा नळी आणि स्लाईड क्षणभर एकमेकांत अडकून राहतात आणि दाब उतरल्यावर सुटतात. अगदी स्वस्त पिस्तुलांत अशी अडकण नसते. स्लाईडचे वजन आणि स्प्रिंग यांच्याच जोरावर दाब रोखला जातो. दुसरी रीत बनवायला सोपी असते आणि खर्चही कमी येतो.

बचत कुठे केली?

पॉपलीनमध्ये पैसे दोन ठिकाणी वाचवता येतात. लेबल, घडी आणि पॅकिंग साधे ठेवा, गिऱ्हाइकाचे काही बिघडत नाही. किंवा सूत कमी भरा आणि वरून खळ चढवा. असे कापड दुकानात कडक वाटते, पहिल्या धुण्यात त्याची चाळण होते. भाव दोन्ही मालांचा सारखाच उतरतो, पण एक सौदा इमानाचा आहे आणि दुसरा नाही.

पिस्तुलाचेही असेच आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात 'हाय-पॉइंट' या नावाची पिस्तुले बनतात. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास. स्लाईड पोलादाची नसून झामक या जस्ताच्या मिश्रधातूची असते, साच्यात ओतलेली. आपल्या पँटच्या चेनचा रनरही पुष्कळदा याच धातूचा असतो. हा धातू पोलादाइतका मजबूत नाही. म्हणून कंपनीने स्लाईड जाड आणि वजनदार केली. पिस्तूल दिसायला बेढब झाले. वजन आठशे ग्रॅमच्या वर गेले आणि गोळ्या मावतात फक्त ८. 'ग्लॉक १९' हे नावाजलेले पिस्तूल रिकामे असता सुमारे सहाशे ग्रॅमचे आणि त्यात मावतात १५. पण हाय-पॉइंटची वॉरंटी आजन्म आहे, माल दुसऱ्याच्या हाती गेला तरी चालू राहते. म्हणजे येथे रूप, वजन आणि सोय यांत काटकसर केली, आणि ती उघडपणे केली.

गंमत अशी की महाग समजले जाणारे ग्लॉकही मुळात काटकसरीतूनच जन्मले. गॅस्टन ग्लॉक हे ऑस्ट्रियातील कारखानदार पडद्यांच्या दांड्या आणि सुऱ्या बनवीत. पिस्तुलाच्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी खालचा सांगाडा प्लास्टिकचा केला, सुटे भाग कमी ठेवले, आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने ते पिस्तूल स्वीकारले. प्लास्टिक म्हणून लोक हसले होते. पण नळी, स्लाईड आणि आतल्या सुरक्षेच्या खिट्या यांना त्यांनी हात लावला नाही.

कॅलिफोर्नियाचा धडा

आता काटकसर चुकीच्या जागी झाली की काय होते ते पाहा. १९६८ मध्ये अमेरिकेने कायदा करून परदेशातून येणाऱ्या लहान, स्वस्त पिस्तुलांची आयात रोखली. पण तसलाच माल देशात बनवण्यावर बंदी घातली नाही. बाजारात मागणी होतीच. १९७० पासून लॉस एंजेलिसच्या आसपास रेव्हन, लॉर्सिन, डेव्हिस, ब्रायको असे कारखाने उभे राहिले. जस्ताची पिस्तुले, काही तर शंभर डॉलरच्याही आत.

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एका घरी ब्रायकोचे पिस्तूल रिकामे करण्याचा प्रयत्न चालू होता. त्या पिस्तुलाची रचना अशी की रिकामे करायचे तर सेफ्टीचा खटका आधी उघडावा लागे. खटका उघडला, गोळी सुटली आणि सात वर्षांच्या एका मुलाला लागली. मुलगा मानेखाली जन्मभरासाठी लुळा झाला. खटला चालला. पिस्तूल अडकत असे आणि तो दोष झाकण्यासाठीच खटक्याची ही रचना केली, असे मुलाच्या बाजूने मांडण्यात आले. २००३ मध्ये ज्यूरीने रचना सदोष ठरवली आणि एकूण सुमारे पाच कोटी डॉलरची भरपाई ठरली. त्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा बनवणारे आणि विकणारे यांच्यावर होता. कंपनीने लगेच दिवाळे जाहीर केले. २००४ मध्ये कारखान्याचा लिलाव झाला. ती पिस्तुले वितळवून टाकावीत म्हणून मुलाच्या बाजूने वर्गणी गोळा करून बोली लावली गेली. पण जुन्या फोरमनने ५ लाख १० हजार डॉलरला कारखाना घेतला आणि नाव बदलून धंदा पुढे चालवला. २०२० मध्ये तीही कंपनी दिवाळ्यात गेली.

दिवाळे काढलेल्या कंपनीकडून भरपाई वसूल करणे किती कठीण, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. शिवाय अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षा पाहणारे जे सरकारी खाते आहे, त्याच्या कक्षेत बंदुका येतच नाहीत. इस्त्री सदोष निघाली तर ते खाते ती बाजारातून परत बोलावू शकते, पिस्तूल नाही. म्हणून तेथे पिस्तूल घेणाऱ्याने कंपनी मागे उभी राहणारी आहे की नाही, हे स्वतःच पाहावे लागते.

नावाजलेलेही चुकतात

यावरून 'मोठे नाव घ्या आणि मोकळे व्हा' असे कुणी समजू नये. 'सिग सावर' ही मोठी आणि महाग कंपनी. तिचे पी-३२० हे पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने निवडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे दिसून आले की बाजारात विकलेले पी-३२० एका विशिष्ट कोनात पडले तर चाप न ओढता गोळी सुटू शकते. कंपनीला भाग बदलून देण्याची योजना जाहीर करावी लागली. मधल्या भावातली ब्राझीलची 'टॉरस' कंपनी घ्या. तिच्या नऊ मॉडेलांची सुमारे दहा लाख पिस्तुले पडल्यावर सुटू शकतात, असा दावा अमेरिकेत दाखल झाला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०१५ मध्ये समझोता करून पिस्तुले परत घेण्याची आणि दुरुस्तीची तयारी दाखवली.

म्हणजे दोष स्वस्तातही निघतो, महागातही निघतो. फरक पडतो तो दोष निघाल्यावर. एक कंपनी भाग बदलून देते, दुसरी पाटी बदलते.

आम्ही भाच्याला काय सांगितले

१) कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून १ जानेवारी २००१ पासून पिस्तुलांची चाचणी सक्तीची केली. तीन नमुने, प्रत्येकातून ६०० गोळ्या. पहिल्या २० विनाअडथळा सुटल्या पाहिजेत आणि ६०० मध्ये सहापेक्षा जास्त अडथळे येता कामा नयेत. शिवाय पिस्तूल काँक्रीटवर पाडून पाहतात, गोळी सुटता कामा नये. टेक्सासमध्ये ही सक्ती नाही, पण आपले मॉडेल त्या यादीत कधी पास झाले होते का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

२) माल घेतल्यावर सरावाच्या मैदानावर किमान दोनशे गोळ्या चालवाव्यात, आणि त्याही दुकानात ठेवणार त्याच जातीच्या. पुष्कळ अडथळे पिस्तुलामुळे नव्हे तर मॅगझिन आणि काडतूस यांच्यामुळे येतात. पिस्तुलावर वाचवलेले पैसे येथे लागतात, ते हिशेबात आधीच धरावेत.

३) दोनशे आणि सहाशे यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे. तेथील पोलीस खाती जुनी पिस्तुले देऊन नवी घेतात आणि तो वापरलेला चांगल्या कंपनीचा माल कमी भावात मिळतो. जुना पण चांगला माग नव्या कच्च्या मागापेक्षा बरा, हे आपले कारागीर जाणतातच.

४) कुलूपबंद पेटी ही पिस्तुलाच्या किमतीचाच भाग समजावी. पेटीला पैसे उरत नसतील तर पिस्तूलही परवडत नाही.

५) आणि सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे गल्ल्यात रोकड थोडी ठेवणे आणि 'येथे रोकड कमी असते' अशी पाटी दारावर लावणे.

आपल्या देशात हा सवाल या रूपात उभा राहत नाही. येथे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आणि ९ एमएमची पिस्तुले सामान्य नागरिकाला मनाईत मोडतात. बिनपरवान्याचा गावठी कट्टा हा स्वस्त माल नव्हे, तो गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे शस्त्र नुसते जवळ बाळगल्याबद्दल दोन ते पाच वर्षे कैद आहे. शिवाय कसली तपासणी नाही, कसली वॉरंटी नाही. तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

भाच्याचा पुन्हा फोन आला. त्याने आधी पेटी घेतली, कॅमेरे बसवले आणि गल्ला तासातासाला रिकामा करण्याची शिस्त लावली. पिस्तुलाचे काय केले ते विचारले. म्हणाला, "मामू, पोलिसांच्या जुन्या मालातले एक पाहून ठेवले आहे. दोनशे गोळ्या चालवून बघेन, मगच पैसे देईन." विकणारा याला राजी होईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण थान पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, एवढे तो आमच्या दुकानात बसून शिकला होता.