शक्तीच्या गोळ्या : गरज कोणाला आणि किती ?



उसावर केवडा पडला म्हणजे काय झालं, हे तुम्हांला सांगायला नको. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. अशा वेळी युरियाचं आणखी एक पोतं टाकून केवडा जात नाही. कमी पडलंय लोह. आणि त्यासाठी हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यावं लागतं. शेणखतात का मुरवायचं ? तर चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला मिळत नाही. जमिनीत आहे, पण मुळाला उचलता येत नाही. एवढी गोष्ट ज्याला समजली, त्याला माणसाच्या गोळ्यांचा विषय निम्मा समजला असं म्हणायला हरकत नाही.

हा विषय काढायचं कारण घरचंच आहे. आमच्या विंझरच्या बाजूला भातखाचरं जास्त, पाण्याची सोय झाली तिथं ऊस. घरोघरी एखाद-दुसरी म्हैस असते, पण दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं राहतं. माझी आई माळकरी, वय सत्तरीपुढचं. तिला थकवा यायला लागला, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी झाली, रक्त कमी निघालं. एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी 'रक्तवाढीचं' औषध दिलं. त्यात लोह होतं आणि फॉलिक अ‍ॅसिड होतं. सहा महिन्यांत रक्त वाढलं, आम्ही खूश. पण आईच्या पायाला मुंग्या येत होत्या त्या वाढतच गेल्या. पुढं अंधारात उंबरा ओलांडताना तिचा तोल जायला लागला. आम्ही म्हटलं, म्हातारपण. वर्षभरानं पुण्याला तपासणी झाली तेव्हा कळलं की कमी होतं ते जीवनसत्त्व बी-१२. फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारलेलं दिसलं, आणि आत मज्जातंतूंची झीज चालूच राहिली. म्हणजे केवडा जस्ताचा का लोहाचा हे न बघता फवारणी केल्यासारखं झालं. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाल्यावर जिभेचं आणि थकव्याचं महिन्याभरात बरं वाटलं. चाल मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

हे बी-१२ वनस्पतीत तयार होत नाही. ते सूक्ष्म जंतू बनवतात, आणि आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यातून ते मिळत नाही. शाकाहारी घरात दूध हाच काय तो आधार, आणि तो आपण किटलीतून रोज सकाळी बाहेर पाठवतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना आणि पित्ताच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनाही त्याची कमतरता होऊ शकते. अशा सभासदांनी डॉक्टरांना आठवण करून एकदा तपासणी करून घ्यावी.

या बाबतीत आपल्या पुणे जिल्ह्यानं जगाला शिकवलं आहे, आणि ते आपल्यालाच माहीत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. आपल्यासारख्याच शेतकरी घरच्या बाया. सुमारे आठशे बाळंतपणांची नोंद झाली. बाळाचं सरासरी वजन भरलं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. बाया दिवसाला साधारण अठराशे कॅलरी खात होत्या, आणि वर शेतातलं काम. आता कोणीही म्हणेल, भाकरी वाढवा. पण हिशेब मांडल्यावर दिसलं असं की बाई किती भाकरी खाते याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध लागत नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. म्हणजे पुन्हा युरियाचं पोतं नव्हे, सूक्ष्म अन्नद्रव्यं.

त्याच बायांच्या रक्तात पुढं असं आढळलं की जवळजवळ दोनतृतीयांश जणींना बी-१२ कमी आहे, आणि फॉलिक अ‍ॅसिड कमी असलेली जवळपास कोणीच नाही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्या आईला बी-१२ कमी आणि फॉलिक अ‍ॅसिड भरपूर होतं, तिच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढं मधुमेहाकडं नेणारी प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिड वाईट, असा कृपा करून कोणी काढू नये. बाळाच्या पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांतच मिटते. तेवढ्यात बाईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती नळी नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ज्यांना आधी असं व्यंग असलेलं मूल झालं होतं, अशा बायांना गर्भधारणेच्या आधीपासून ही गोळी दिल्यावर ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण जवळजवळ तीनचतुर्थांशानं घटलं, असं १९९१ साली इंग्लंडहून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सिद्ध झालं. गोळी चांगलीच आहे. तिच्या जोडीला दुसरं काय कमी आहे हेही बघायला हवं, इतकंच.

मुंबईतही एक प्रयोग झाला. २००६ पासून तिथल्या झोपडपट्ट्यांतल्या बायांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक खाऊ दिला. गोळी नाही, खाऊ. गरोदर राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून ज्यांनी तो खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं, आणि गरोदरपणातला मधुमेह साडेबारा टक्क्यांच्या आसपास होता तो सात टक्क्यांवर आला. उशिरा सुरू केलेल्यांना वजनाचा तेवढा लाभ झाला नाही. आडसालीची पूर्वमशागत सुरूच्या वेळी करून काय उपयोग ?

आता रक्तक्षयाकडं येऊ, कारण खरी अडचण तिथं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन गरोदर बाईचं ११ च्या खाली, एरवी बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सरकारनं लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम १९७० सालापासून चालवला आहे. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. शाळेतल्या मोठ्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, लहानांना गुलाबी. हे सगळं फुकट मिळतं. मग रक्त का वाढत नाही ?

कारण गोळी मिळते, पण पोटात जात नाही. मळमळतं, शौचाला काळं होतं, कोणी सांगतं बाळ काळं होईल, म्हणून पुडकं फडताळात पडून राहतं. शौचाला काळं होणं हे लोहाचंच लक्षण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि बाळाच्या रंगाचा गोळीशी काडीचाही संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी.

दुसरं कारण चुनखडीचं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहा ते लोह अडवून धरतो. कॅल्शियमची गोळी म्हणजे तर चुनाच. ती लोहाच्या गोळीबरोबर घेतली की रानातली गोष्ट पोटात घडते. दोन्ही गोळ्यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवावं. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह चांगलं अंगी लागतं. आणि पोटात जंत असतील तर आधी जंताची गोळी. नाहीतर पाट फुटलेला असताना वरून पाणी सोडण्यातली गत. गुळाचंही विचारतात. गुळात थोडं लोह असतं, पण गूळ-शेंगदाण्यावर कमी झालेलं रक्त भरून निघत नाही. गूळ आपलाच असला तरी हे सांगितलंच पाहिजे.

रक्त भरल्यावर लगेच गोळ्या सोडू नयेत. अंगातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात. लहान मुलांच्या हाताला मात्र ही पुडकी लागू देऊ नका. गोड गोळ्या समजून मूठभर खाल्ल्या तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. ज्या घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज लोह घेऊ नये.

आणखी एक आजार सांगतो, जिथं खाणं हेच अर्धं औषध ठरलं : क्षय. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा धान्य-डाळ आणि पूरक गोळ्या दिल्या, तर त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. क्षयरोग्याला खुराकासाठी सरकार २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत. पैसे रोग्याच्या खात्यावर जमा होतात. त्यासाठी नाव नोंदलेलं आणि खातं जोडलेलं पाहिजे. संकोचापायी नाव लपवलं की हेही बुडतं.

राहिले बाजारातले शक्तीचे डबे. बिलाचा हप्ता जमा झाला की हे डबे घेऊन माणसं गावात येतात. डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाचा मजकूर असतो. कायद्यानं तो छापावाच लागतो. विकणारा तोंडानं मात्र गुडघ्यापासून हृदयापर्यंत सगळं बरं करून देतो. जास्त घेतलं तर जास्त फायदा, हेही खरं नाही. फिनलंडमध्ये २९ हजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. गाजरातलं जे रंगद्रव्य असतं, त्याच्या गोळ्या काहींना दिल्या. कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. 'ड' जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मनानं वारंवार घेऊन मूत्रपिंड बिघडवून घेणारेही असतात.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात बीड, आष्टी, पाटोद्याकडून टोळ्या येतात. त्यांत गरोदर बाया असतात. पहाटे मोळ्या बांधायला लागलेली बाई आपल्या गावच्या आरोग्य केंद्राच्या यादीत नसते, आणि तिच्या गावच्या यादीत ती हजर नसते. ज्याच्या फडात तोड चालू असेल त्यानं आशाताईंना तेवढा निरोप द्यावा. बाईजवळ माता-बाल कार्ड असेल तर तेच इथं चालतं. नसेल तर नवीन करून मिळतं आणि गोळ्याही मिळतात. यंदा आमच्या फडात दोघी होत्या. एकीचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं. मुकादम म्हणाला, तिचं नेहमीच असं असतं.