कॅमेरा हलला म्हणजे भूत दिसलं असं नाही

सिंधुदुर्गातल्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक ठरावीक तऱ्हेचा व्हिडिओ येतो. रात्रीचा घाट, गाडीच्या उजेडात पांढरं काहीतरी, फोन धरणाऱ्याला लागलेली धाप, एक किंकाळी, आणि मग फोन खाली. तोच व्हिडिओ कधी आंबोलीचा म्हणून फिरतो, कधी करूळ घाटाचा म्हणून. काही जण हसून सोडून देतात, काही पुढे पाठवतात, आणि घरातलं एखादं पोर त्या रात्री दिवा मालवू देत नाही.

या व्हिडिओंची सगळी रीत सिनेमातून आली आहे. त्या प्रकाराला फाउंड फुटेज म्हणतात. कॅमेरा धरणारी माणसं मेली किंवा नाहीशी झाली आणि मागे राहिलेलं चित्रण कुणाच्या तरी हाती लागलं, अशा बतावणीवर तो चित्रपट उभा असतो. त्यातली एक मोठी शाखा भूत उतरवण्याच्या विधीभोवती फिरते: झपाटलेली मुलगी, हवालदिल आईबाप, श्रद्धा डळमळलेला धर्मगुरू आणि हे सगळं टिपणारा हलता कॅमेरा. आपल्या मुलांनी हे चित्रपट पाहण्यात गैर काही नाही. पण त्यांच्यासोबत काही समज घरात शिरतात, आणि ते तपासून पाहायला हवेत. कारण आपल्या जिल्ह्यात भूत उतरवणं हे केवळ पडद्यावरचं प्रकरण नाही.

पहिला समज असा, की चित्रण कच्चं आणि हलतं आहे, बोलणं अडखळतं आहे, म्हणजे ते रचलेलं नसणार. वस्तुस्थिती अशी की तो कच्चेपणा मेहनतीने कमावलेला असतो. १९९९ साली आलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या दिग्दर्शकांनी, डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी, तीन नटांना मेरीलँडच्या जंगलात सोडलं. संवाद लिहिलेले नव्हते. दिवसाचा प्रसंग थोडक्यात चिठ्ठीवर मिळायचा, बाकी बोलणं नटांनी जागच्या जागी रचायचं. पात्रांना नटांचीच खरी नावं दिली होती, आणि ही तीन मुलं बेपत्ता आहेत असा प्रचार इंटरनेटवर आधीच पद्धतशीर केला होता. पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला. त्याही आधी, १९८० साली, रुज्जेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ मिलानमध्ये जप्त झाला, आणि आपले नट जिवंत आहेत हे त्याला सिद्ध करावं लागलं. बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री ‘घोस्टवॉच’ हे नाटक थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखवलं. ते आधी चित्रित केलेलं होतं, तरी घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनचा वर्षाव झाला.

खरं तर आपल्या लोकांना हे समजायला अजिबात जड जाऊ नये. दशावताराला कुठे लिहिलेली संहिता असते? जत्रेच्या रात्री आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि मग पहाटेपर्यंतचे संवाद नट रंगमंचावरच घडवतात. शब्दाला शब्द भिडतो, राक्षसाच्या आरोळीने पुढे बसलेली पोरं आईच्या कुशीत शिरतात, आणि तरीही सगळ्यांना ठाऊक असतं की हा राक्षस शेजारच्या गावचा आहे नि सकाळी रंग पुसून चहा प्यायला टपरीवर येणार आहे. न लिहिता केलेला अभिनय किती खरा वाटू शकतो, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं, त्यांनी हातातल्या फोनपुढे ती जाण गमावावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. जंगलातले ते तीन अमेरिकन नट आणि दहीकाल्याच्या रात्रीचे आपले नट एकाच कसबाचे मानकरी आहेत.

दुसरा समज अधिक घातक आहे. पडद्यावर ‘सत्यघटनेवर आधारित’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे भूत खरं होतं, असा तो समज. इथे एका प्रकरणावर थांबायला हवं, कारण त्यात खरोखरचं सापडलेलं ध्वनिमुद्रण आहे.

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात क्लिंगनबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या धार्मिक कॅथलिक घरातली आनेलीझ मिशेल ही मुलगी १९५२ साली जन्मली. शाळेत असतानाच तिला झटके येऊ लागले, डॉक्टरांनी अपस्माराचं निदान केलं आणि औषधं सुरू झाली. पुढे तिला भेसूर चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले, मन खचत गेलं. औषधांनी गुण येत नाही असं वाटून घरच्यांनी धर्मगुरूंकडे धाव घेतली. बिशपांच्या परवानगीने १९७५ च्या सप्टेंबरपासून दोन धर्मगुरूंनी विधी सुरू केले. सुमारे दहा महिन्यांत असे ६७ विधी झाले. तिने खाणं जवळजवळ सोडलं, डॉक्टर येणं बंद झालं होतं, आणि १ जुलै १९७६ रोजी ती गेली. तेव्हा तिचं वजन ३१ किलोही नव्हतं. मृत्यूचं कारण उपासमार आणि शरीरातलं पाणी आटणं.

त्या विधींच्या ४० हून अधिक ध्वनिफिती होत्या. १९७८ च्या खटल्यात बचाव पक्षाने त्या न्यायालयात वाजवल्या. घोगरा आवाज, गुरगुरणं, शिव्या, सगळं त्यात होतं. न्यायालयाने ते ऐकलं आणि तरीही आईवडील व दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवलं; सहा महिन्यांची, स्थगित ठेवलेली शिक्षा दिली. फितीवरचा आवाज खरा होता, मुलीच्या यातना खऱ्या होत्या. त्या आवाजामागे सैतान होता हे मात्र कुठलीच फीत सिद्ध करू शकत नव्हती. एक तेवीस वर्षांची मुलगी महिनोन्‌महिने उपाशी आहे आणि कुणी डॉक्टरला बोलवत नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं. याच प्रकरणावरून २००५ साली ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ आला. तो पाहून झोप उडालेल्या प्रत्येकाला ही वजनाची नोंदही कुणीतरी सांगायला हवी.

धर्म आणि शंका यांच्याबद्दलही एक समज या चित्रपटांनी पक्का केला आहे: शंका घेतली की माणूस बाटला, आणि शेवटी भूत त्याचा सूड घेणार. २०१० सालच्या ‘द लास्ट एक्झॉर्सिझम’चा नायक कॉटन मार्कस हा लुइझियानातला धर्मोपदेशक असतो. भूतं उतरवून तो पोट भरत आला, पण आता त्याचा त्यावर विश्वास उरलेला नाही. आपल्या सगळ्या हिकमती कॅमेऱ्यासमोर उघड करायचं तो ठरवतो: धूर सोडणारा क्रूस, लपवलेले स्पीकर, पलंग हलवणारी दोरी. हा अर्धा भाग उत्तम आहे. शेवटच्या काही मिनिटांत मात्र चित्रपट बाजू बदलतो आणि शंकेखोराला सैतानाच्या पुढ्यात उभं करतो. आधी शंकेच्या बळावर प्रेक्षकाचा भरवसा मिळवायचा, आणि तोच भरवसा भुताला बहाल करायचा, ही या प्रकाराची ठरलेली चाल आहे. करमणुकीत ती चालते. पण जगात असा माणूस खरोखर होऊन गेला. मार्जो गॉर्टनर चार वर्षांचा असतानाच धर्मोपदेशक झाला, आणि पुढे त्याने प्रार्थनासभांमागची तंत्रं ‘मार्जो’ या १९७२ सालच्या माहितीपटात स्वतः दाखवली. त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. कुठलाही सैतान सूड घ्यायला आला नाही.

आणि शंका धर्माच्या बाहेरची असते असंही नाही. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथातच धर्मगुरूला बजावलेलं आहे की एखाद्याला झपाटलं आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये, आजाराची लक्षणं वेगळी ओळखावीत. १९९९ च्या सुधारित विधीतही हाच आग्रह आहे, आणि चर्चच्या कायद्यानुसार बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणी धर्मगुरू हा विधी करू शकत नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना तोच नियम लागू आहे. त्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली स्थापन झाला.

आता आपल्या घरचा प्रश्न. चित्रपट पाहून शहरातले लोक, आणि हल्ली गावातली तरुण मुलंही, देवळात अंगात येणाऱ्या अवसराला आणि एक्झॉर्सिझमला, म्हणजे भूत उतरवण्याच्या विधीला, एकच समजतात. दोन्हींत माणूस थरथरतो, आवाज बदलतो, हे खरं. पण गावऱ्हाटीतला, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीतला, अवसर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मानकऱ्याच्या अंगात येतो. समोर बारा-पाचाचा गाव असतो. लोक आपली दुखणी-भांडणं मांडतात. वेळ झाली की तो उतरतो आणि माणूस घरी जाऊन जेवतो. तिथे कुणाला बांधत नाहीत, कुणाला डागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची २०२२ पासून लागू झालेली अकरावी आवृत्तीही हाच फरक करते. अंगात येण्याची अवस्था नकोशी, अनावर असेल आणि माणसाला त्रास देत असेल तर तो विकार; समाजाने मान्य केलेल्या धार्मिक आचाराचा ती भाग असेल तर नाही. अवसरात देव बोलतो की माणसाचं मन, यावर मी आणि माझा वाचक वेगळं मत बाळगू शकतो. पण घरात दोन आठवडे न झोपलेली, स्वतःशी बडबडणारी सून आणि देवळातला अवसर या दोन गोष्टी एक नव्हेत, यावर मतभेद असायचं कारण नाही.

यातूनच कायद्याबद्दलचा गैरसमज उगवतो, की जादूटोणाविरोधी कायद्याने गाऱ्हाणं, कौल, जत्रा यांवर बंदी आणली. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला; त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात कायदा संमत झाला. पूजाअर्चा, हरिकथा, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा यांना तो हात लावत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्याच्या अनुसूचीत १२ बाबी आहेत आणि त्यातली पहिलीच भूत उतरवण्याबद्दल आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं, पादत्राणं बुडवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. भुताच्या नावाने धमकावणं, एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, हेही गुन्हेच. म्हणजे अवसरात कुणी शेजारणीचं नाव घेऊन ‘हिनेच केलं’ असं म्हटलं, तर तिथे परंपरेची ढाल चालणार नाही. आणि चालू नये.

या आळाची आठवण एका हिंदी फाउंड फुटेज चित्रपटाने करून दिली आहे. २०११ सालच्या ‘रागिनी एमएमएस’मधलं भूत मराठी बोलतं. चेटकीण ठरवली गेलेली ती बाई, आपण चेटकीण नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहते. जाहिरातीत या चित्रपटाचं वेगळंच काही विकलं गेलं. मला मात्र त्यातली सर्वांत खरी गोष्ट तिचं ते सांगणं वाटते.

‘कोकण म्हणजे भुतांचा प्रदेश’ हा समज थोडक्यात निकाली काढता येतो. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली आणि घराघरांत पोहोचली. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशा तक्रारीही तेव्हा झाल्या. मालिकेने आपल्या नटांना काम दिलं, मालवणीला मान दिला, हे मी विसरत नाही. पण कौलांवरून रात्री धावणारं बहुधा कांडेचोर असतं, माडाच्या बागेतलं घुमणं हुमा घुबडाचं असतं, लाटांवरची निळी चमक नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवांची असते, आणि फोनच्या रात्रीच्या चित्रणात तरंगणारे पांढरे गोळे हे भिंगाजवळचे धुळीचे कण किंवा पावसाळी हवेतले थेंब असतात.

शेवटचा समज मला सर्वांत जास्त टोचतो: ‘डॉक्टरकडे गेलं की देवाचा राग होतो, आधी बाहेरचं बघूया.’ या ‘आधी’मध्ये महिने जातात. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी, दर्ग्याजवळ बरं व्हायला आणून साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं आगीत होरपळून मेली, कारण त्यांना पळताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. देवाला गाऱ्हाणं जरूर घालावं. कुठलाही समंजस डॉक्टर त्याला आडकाठी करत नाही. पण त्याच दिवशी ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची वाट धरावी. दाखल करायची वेळ आली तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आणि घरातून निघणंच अवघड असेल तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.