पडद्यावरचा खो

13 जानेवारी 2025, भोगीचा दिवस. दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी झाली होती. संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाची पहिली लढत सुरू होणार होती, भारत विरुद्ध नेपाळ. आमची आत्या शाळेत असताना खो-खो खेळलेली. पाचेक मिनिटं तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "आरं, खो कुठं ऐकू येतोय ह्यात?"

तिचा प्रश्न बरोबर होता. धाराशिव जिल्ह्यानं हा खेळ आयुष्यभर मैदानाच्या कडेला उभं राहून बघितला आहे. चुन्याची रेघ, मुरमाचं मैदान, दोन खांब आणि मधल्या पाटीवर आळीपाळीनं उलट दिशांना तोंड करून बसलेली पोरं. कडेवरून बघताना निम्मा खेळ कानानं कळतो. खो मोठ्यानं आला की बसलेला गडी उठलाच; आवाज दबका असेल तर पंचाची शिट्टी येणार हे प्रेक्षकांना आधीच कळलेलं असतं. धूळ कुठं उडाली यावरून पळणाऱ्यानं कुठल्या बाजूला हुलकावणी दिली हे समजतं. टीव्हीवर ना धूळ ना खो. मॅट स्वच्छ, आणि समालोचन व प्रेक्षकांच्या गोंगाटात खो बुडून जातो.

पण तक्रारीच्या आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा खेळ आपल्या घरातल्या पडद्यावर येईल यावर आमच्या पिढीतल्या कुणाचा विश्वासच नव्हता. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. 1996 साली कोलकात्यात पहिली आशियाई स्पर्धा झाली. ती आमच्याकडे आली ती वर्तमानपत्राच्या खेळपानावरच्या चार ओळी होऊन. फोटोसुद्धा नव्हता.

फेब्रुवारी 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला. भारताच्या महिला संघाची कर्णधार होती सारिका काळे, आपल्या जिल्ह्याची, प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली तयार झालेली. संघानं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी आपली मुलगी गुवाहाटीच्या मैदानात कशी पळाली, हे आमच्या घरात कुणीच बघितलं नाही. आम्हाला कळला तो निकाल. मिठाई वाटली, फटाके वाजले, आणि डोळ्यांसमोर चित्र काहीच नव्हतं. मला त्याची हळहळ अजून आहे.

मग 2020 आलं. सारिकाला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी आला होता. कोरोनामुळे 29 ऑगस्टचा सोहळा दूरदृश्य प्रणालीनं झाला. खेळ कधी दिसला नव्हता, पण खेळाडूचा सन्मान पडद्यावर दिसला. गावोगावी पोरींनी मोबाइलवर तो बघितला. जिचं नाव शाळेच्या मैदानावर रोज घेतलं जायचं, तिला देशाच्या राष्ट्रपतींकडून मान मिळताना बघणं ही त्या पोरींसाठी साधी गोष्ट नव्हती.

खरा बदल झाला तो ऑगस्ट 2022 मध्ये. पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर व सोनी लिव्हवर रोज संध्याकाळी खो-खो दिसू लागला. आम्ही बघायला बसलो आणि गोंधळलो. नऊऐवजी सात गडी, लहान मैदान, गुणांचा वेगळा हिशेब. 'वझीर' नावाचा एक गडी कुठल्याही दिशेला वळू शकतो, हे जुन्या खेळाडूंना पटेना. आमच्या गल्लीतले एक निवृत्त क्रीडाशिक्षक पहिले दोन दिवस रागानं टीव्ही बंद करत होते. तिसऱ्या दिवसापासून वही घेऊन बसले. 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाजला 46-45 असं एका गुणानं हरवलं. अगदी शेवटच्या सेकंदांत सूरज लांडेनं हवेत मारलेला सूर पुन्हा पुन्हा संथ गतीनं दाखवला, तेव्हा सर वही बाजूला ठेवून उभे राहिले. असा सूर त्यांनी हजारदा शिकवला होता. जमिनीवरून पाय नेमका कधी सुटतो, हे मात्र त्यांनाही पहिल्यांदा दिसलं.

पडद्यानं दिलेलं सर्वांत मोठं दान हेच, असं मला वाटतं. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट थांबवून बघता येते. पण त्यासाठी बघायचं कुठं हे ठाऊक हवं. कॅमेरा सतत पळणाऱ्यामागे धावतो, आणि आपणही. खेळ मात्र बसलेल्यांत असतो. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की त्याला मागं फिरता येत नाही आणि खांबाला वळसा घातल्याशिवाय मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणून पळणारा ज्या बाजूला आहे, त्या बाजूला तोंड करून कोण बसलंय, त्याचे खांदे कसे आहेत, टाच उचललीय का, हे बघायचं. मी घरात सगळ्यांना एकच सांगतो: आवाज कमी करा आणि पाटीवर नजर ठेवा. एकदा ती सवय लागली की पुढचा खो कुणाला जाणार हे आधीच कळू लागतं.

दुसरा हंगाम कटकला झाला, डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024. तो आम्ही सरावलेल्या डोळ्यांनी बघितला. त्यानंतर आला विश्वचषक, आणि या वेळी सामने स्टार स्पोर्ट्स, डिस्ने प्लस हॉटस्टार आणि दूरदर्शनवर होते. दूरदर्शनचं महत्त्व शहरातल्या माणसाला चटकन कळणार नाही. आमच्याकडच्या भूम, परंड्याच्या वाड्यावस्त्यांवर अजून कित्येक घरांच्या पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचं रिचार्ज नाही, तरी सामना दिसतो. माझा चुलतभाऊ रानात हरभऱ्याला पाणी देताना मोबाइल मोटारीच्या पेटीवर टेकवून बघायचा. रेंज गेली की बांधावर चढायचा.

भारताच्या पुरुषांनी नेपाळविरुद्धची ती पहिली लढत 42-37 अशी जिंकली. दुसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीला, महिलांनी दक्षिण कोरियाला 175-18 असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे शेजारच्या बीड जिल्ह्यातली, आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे. तिचं नाव पडद्यावर उमटलं की आत्या हातातलं काम टाकून यायची. कोरियाच्या मुली खो देताना अडखळतात हे बघून तिला वाईट वाटलं. "शिकतील की," म्हणाली, "आम्ही पण असंच शिकलाव." 23 देशांचे संघ होते. आपल्या पोरींचा खेळ जगातली माणसं शिकायला लागलीत, हे त्या आठवड्यात घरबसल्या दिसलं.

रविवारी, 19 तारखेला, महिलांचा अंतिम सामना नेपाळशी. पहिल्याच डावात भारताचे 34 गुण झाले तरी आत्या गप्प होती. चौथ्या डावात चैत्रा बी. आणि तिच्या जोडीदारांनी पाच मिनिटांहून जास्त वेळ मैदान सोडलं नाही, तेव्हा ती सावरून बसली. तिच्या लेखी पाठलाग करून गुण मिळवणं ही मेहनत, आणि पळत टिकणं ही कला. 78-40. मागोमाग पुरुषांनीही नेपाळलाच 54-36 असं हरवलं.

यानंतर अस्वस्थ करणारी एक बातमी वाचली, दुसऱ्याच खेळाची. जपानमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक म्हणजे घराघरातला सण. 2023 ला जपाननं अमेरिकेला 3-2 असं हरवलं तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर होता. 2026 च्या स्पर्धेचे तिथले थेट प्रक्षेपणाचे हक्क मात्र नेटफ्लिक्सनं घेतले. म्हणजे वर्गणी भरणाऱ्यालाच सामना दिसणार. खो-खो मोठा होईल तसे त्याचेही हक्क विकले जातील, जायलाच हवेत, खेळाडूंना त्यातूनच पैसा मिळतो. पण पत्र्यावरच्या छत्रीला सामना दिसणं थांबलं, तर ज्या घरांतून हे खेळाडू येतात, त्याच घरांत तो दिसणार नाही. दूरदर्शनवर हा खेळ राहिलाच पाहिजे, यासाठी खो-खो महासंघानं हट्ट धरावा.

मागच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर गेलो होतो. सराव संपला होता. सात-आठ मुली लिंबाखाली एका मोबाइलभोवती दाटीनं बसल्या होत्या. अंतिम सामन्याची चित्रफीत चालू होती. त्यातली एक सारखी मागं नेऊन तोच तुकडा लावत होती.

"आवाज बंद कर की," दुसरी म्हणाली, "पाटीवरची बघू दे."