विश्लेषण : खानदेशात वर्षाचा हिशोब शरद ऋतूतच का ठरतो?

भाद्रपद पौर्णिमेला खानदेशात घरोघरी गुलाबाई बसते आणि कोजागरीला तिची पाठवणी होते. संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. दिवसभर याच मुलींच्या आया वावरात कापूस वेचत असतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गुलाबाई ते कार्तिकी एकादशी हा काळ सणांचा, तसाच वर्षभराच्या हिशोबाचा. कापूस किती निघाला, किती भिजला, कोणत्या भावाने गेला, मजूर मिळाले की नाही आणि रब्बीला पाणी किती, या पाचही प्रश्नांची उत्तरे याच दिवसांत मिळतात.

खानदेशातला शरद नेमका कसा असतो?

पंचांगानुसार आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. नैऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरच्या मध्यानंतर पश्चिम राजस्थानातून माघारी फिरू लागतो आणि साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तर महाराष्ट्रातून जातो. ढग हटतात, ऊन थेट जमिनीवर पडते, पण माती अजून ओलीच असते. त्यामुळे घामाने जीव नकोसा करणारी ‘ऑक्टोबर हीट’ जाणवते. पहाटे मात्र दव पडू लागते आणि दिवाळीपर्यंत रात्री गार होतात.

कापसाला बोंड उमलण्यासाठी हेच कोरडे ऊन लागते. गहू, हरभऱ्याला उगवण्यासाठी जमिनीतली ओल लागते. एकाच आठवड्यात एका शेतकऱ्याला ऊन हवे असते आणि त्याच शेतकऱ्याला ओलही टिकायला हवी असते. या ऋतूची सगळी ओढाताण यातच आहे.

कापसाचे एवढे महत्त्व कशामुळे?

तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या खोऱ्यांतली काळी कसदार जमीन ओल धरून ठेवते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. खानदेशातला कापूस थेट मुंबई बंदरात जाऊ लागला. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अमळनेर आणि धुळ्यातील कापड गिरण्या उभ्या राहिल्या. कापडाच्या त्या गिरण्यांचे दिवस सरले, जिनिंग मात्र आजही गावोगावच्या अर्थकारणाचा कणा आहे.

ठिबकवर मे महिन्याच्या अखेरीस लावलेला पूर्वहंगामी कापूस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुटतो. म्हणूनच गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर व्यापारी पहिला काटा करतात. फूल लागल्यापासून बोंड उमलायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. त्यामुळे जूनमध्ये पावसावर पेरलेला कोरडवाहू कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीला येतो. सणाचा खर्च, उधारीची परतफेड आणि रब्बीचे बियाणे यांची तजवीज पहिल्या वेचणीच्या पैशातून होते.

वेचणीचा दिवस कसा जातो?

भल्या पहाटे वेचणी सुरू केली तर दवाने ओला कापूस ओटीत येतो. म्हणून दव उडाल्यावर बायका सरीत उतरतात. कमरेला ओटी बांधलेली, हातावर जुन्या सदऱ्याच्या बाह्या, डोक्यावर रुमाल. बोंडाची टोके वाळून सुईसारखी झालेली असतात, ती नखांच्या कडेला टोचतात. वेचताना वाळलेल्या पानांचा चुरा कापसाला लागू नये, ही खरी कसरत. कचरा लागलेला कापूस काट्यावर कमी भावाने जातो.

मजुरी किलोवर ठरते. एका चांगल्या बोंडातून चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे एका किलोसाठी २०० ते २५० बोंडे वेचावी लागतात. दिवसात ३० किलो वेचणाऱ्या बाईने सहा ते साडेसात हजार बोंडांना हात घातलेला असतो. पहिल्या वेचणीत झाड भरलेले असते, हात भरभर चालतो. तिसऱ्या वेचणीला बोंडे विरळ आणि हलकी होतात, त्याच मेहनतीत वजन कमी भरते. त्यामुळे हंगाम पुढे सरकतो तसा किलोमागचा दर वाढवून मागितला जातो. शेतकऱ्याला हा खर्च परवडत नाही आणि मजुराला जुना दर परवडत नाही. दोघांचेही खरे असते.

मजूर येतात कुठून आणि जातात कुठे?

वेचणीसाठी सातपुड्यातील पावरा, बारेला कुटुंबे आणि मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोन भागातील मजूर खाली येतात. शेताच्या बांधावर किंवा गोठ्याशेजारी पाल टाकून राहतात. त्याच सुमारास उलट दिशेनेही माणसे निघतात. चाळीसगाव परिसरातील तांडे आणि आसपासच्या गावांतून ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व गुजरातकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. गाव एकीकडून भरते, दुसरीकडून रिकामे होते. दोन्हीकडे मुलांच्या शाळेचा प्रश्न उरतोच. सहामाही परीक्षा झाली की वर्गातली काही मुले थेट पुढच्या पावसाळ्यातच दिसतात.

परतीचा पाऊस नेमके काय बिघडवतो?

बंद बोंडाला पावसाचा तेवढा धोका नसतो. उमललेला कापूस मात्र पाणी शोषतो. धागा पिवळट पडतो, चमक जाते, जास्त दिवस ओल राहिली तर झाडावरच सरकीला कोंब फुटतात. खालची बोंडे सडतात. त्यातून निघणाऱ्या ‘कवडी’ कापसाला व्यापारी हात लावायला तयार नसतात.

नुकसान रुपयांत मोजता येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरवला. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, पूर्ण भाव देते तो ८ टक्के आर्द्रतेच्या मालाला. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतलाच जात नाही. ८,११० रुपयांचा कापूस १२ टक्के आर्द्रतेला ७,७८५ रुपये ६० पैशांवर येतो, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये गेले. म्हणूनच ऊन पडताच ओसरीत, अंगणात, गच्चीवर कापूस पसरलेला दिसतो.

मग शेतकरी खासगी व्यापाऱ्याला का विकतो?

कारण व्यापारी दारात येतो. याला खानदेशात ‘खेडा खरेदी’ म्हणतात. छोटे वाहन, सोबत काटा, जागेवर पैसे. सीसीआयच्या केंद्रावर भाव चांगला असला तरी सातबारा, पीक पाहणीची नोंद, आधार जोडलेले बँक खाते आणि २०२५ पासून ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी, एवढे सारे लागते. केंद्रे सुरू होण्याची वाट पाहणे दिवाळीच्या तोंडावर अनेकांना शक्य नसते. ज्याला साठवता येते तो थांबतो. ज्याचे किराणा दुकान, कृषी केंद्र आणि मजुरी थकलेली असते, तो पडेल त्या भावाने मोकळा होतो.

त्यात बाहेरचे जगही येते. कापसावरील ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळाला, पण सवलत नेमकी वेचणीच्या महिन्यांत आली. भाव ठरवताना जिनिंगवाले आणखी एक हिशोब मांडतात. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि बाकी बहुतांश सरकी. १७० किलोच्या एका गाठीला त्यामुळे पाच क्विंटल कापूस लागतो. सरकी आणि ढेपेचे भाव पडले तरी कापसाचा भाव खाली येतो.

दिवाळीनंतर कापूस ठेवायचा की उपटायचा?

पाणी असेल तर झाड उभे ठेवून आणखी एक-दोन वेचण्या घेण्याचा मोह होतो. हीच ‘फरदड’. मात्र उभ्या झाडावर गुलाबी बोंडअळीला खाणे मिळत राहते आणि पुढच्या हंगामातही ती कायम राहते. २०१७ मध्ये राज्याने तिचा मोठा फटका अनुभवला. फरदड घेऊ नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण ज्याच्या पहिल्या दोन वेचण्या पावसात गेल्या, त्याला तिसरी सोडणे जड जाते.

पऱ्हाटी उपटली तर रान हरभरा, गव्हाला मोकळे होते. त्यासाठी पाणी हवे. धरणांत १५ ऑक्टोबरला असलेला साठा पाहून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची आवर्तने ठरतात. गिरणा, हतनूर, वाघूर, अक्कलपाडा किती भरले, हा या दिवसांत पारावरचा विषय असतो. ज्यांच्याकडे कालवा नाही, त्यांच्यासाठी तापीकाठच्या काळ्या जमिनीत जुनी सोय आहे, दादर ज्वारी. पावसाने साठवलेल्या ओलीवर ती येते. केळीवाल्यांची कांदेबागेची लागवडही याच सुमारास होते.

सण आणि ताट यांचे काय?

दसऱ्यानंतरच्या एकादशीला धुळ्यात बालाजीचा रथ निघतो. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, ही परंपरा १८७२ ची. उतारावर आणि वळणावर चाकाखाली लाकडी मोगरी सारून एवढा मोठा रथ थांबवणारे हात वर्षानुवर्षे सरावलेले असतात.

गारठा वाढला की वावरात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. चातुर्मासात अनेक घरांत वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला ताटात परततेच, पण वावरात तेवढी वाट कोणी पाहत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बामणोद, आसोद्याचे वांगे काड्यांच्या जाळावर भाजतात, हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वाढतात.

त्या जाळात बहुतेक वेळा पऱ्हाटीच्याच काड्या असतात. सहा महिने ज्या झाडाने घरादाराला जागवले, त्याचा हा शेवटचा उपयोग. त्या पंगतीत बसलेला शेतकरी निवांत दिसतो की गप्प, यावरून त्याचे साल कसे गेले ते शेजाऱ्याला न विचारताही कळते.